कल्याणचा सूर्य आणि खोडदचे तान्हे तारे

वाचकहो, मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत रात्रीची जेवणे आटोपली की एकदा गच्चीवर जा आणि डोक्यावर पाहा. आमच्या सोलापुरात दिव्यांचा उजेड आता पुष्कळ वाढला आहे. तरीही कृत्तिकांचा पुंजका आणि तांबूस रोहिणी ही दोन्ही सहज ओळखू येतात. त्या दोहोंच्या आसपास, विशेषतः थोडे उत्तरेकडे, नुसत्या डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. काळोखच आहे असे समजून आपण नजर पुढे मृगाकडे वळवतो. पण हा काळोख रिकामा नव्हे. तेथे वायू आणि धूळ यांचे प्रचंड ढग पसरलेले आहेत, आणि त्या ढगांच्या पोटात नवे तारे जन्म घेत आहेत.

हे ढग आपल्यापासून सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर आहेत. म्हणजे तेथून जी खबर आज आपल्याकडे पोचते ती निघाली तेव्हा विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही या दोन्ही नांदत होत्या. इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या कागदांची सवय असते. आकाशातून येणारी प्रत्येक खबर हा असाच एक जुना कागद आहे. त्या ढगांतील एका तान्ह्या ताऱ्याचा असा एक कागद आपल्या महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील खोडद गावी वाचला गेला. तो वाचता यावा म्हणून जवळजवळ पन्नास वर्षांची तयारी लागली. त्या तयारीची ही हकिगत आहे.

तारे जन्मतात, ही कल्पनाच मुळी आपल्याला नवी आहे. ज्याचा क्षय होत नाही ते नक्षत्र, अशी आपल्याकडची जुनी व्युत्पत्ती. ध्रुव अढळ, सप्तर्षी चिरंतन, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. युरोपातही समज फारसा वेगळा नव्हता. १८५२ साली जॉन रसेल हिंड या इंग्रज ज्योतिर्विदाला रोहिणीच्या परिसरात एक लहरी तारा सापडला. त्याचे तेज कधी वाढे, कधी घटे, आणि त्याच्या शेजारी एक अंधुक तेजोमेघ होता. या ताऱ्याला टी टॉरी असे नाव पडले. पुढे १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी अशा ताऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच दाखवून दिला. हे सगळे तारे काळ्या ढगांच्या आसऱ्याने राहतात, ही त्यांची खूण. १९४७ मध्ये सोव्हिएत ज्योतिर्विद व्हिक्टर अंबार्त्सुम्यान यांनी याचा अर्थ लावला. हे तारे वयाने अगदी लहान आहेत, आणि ताऱ्यांचा जन्म ही केव्हातरी होऊन गेलेली गोष्ट नसून ती आजही चालू आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

लहान म्हणजे किती लहान? आपल्या सूर्याचे वय साडेचार अब्ज वर्षांहून थोडे अधिक आहे. सूर्याला आपण पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ मानले, तर दहा लाख वर्षांचा तारा हा साडेतीन-चार दिवसांचे तान्हे मूल ठरतो. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याची अजून पाचवीसुद्धा पुजलेली नाही!

पण तान्हे मूल जसे दुपट्यात गुंडाळलेले असते तसाच हा तारा धुळीत गुंडाळलेला असतो, आणि त्या धुळीतून त्याचा प्रकाश नीट बाहेर येत नाही. मग त्याला पाहावे कसे? येथे रेडिओ मदतीला आला. प्रकाश आणि रेडिओलहरी ही एकाच जातीची भावंडे. फरक फक्त लांबीचा. प्रकाशाची लहर धुळीच्या कणाएवढी बारीक, म्हणून ती कणांत अडकते. रेडिओची लहर हातभर, वावभर लांब. तिला हे कण जाणवतच नाहीत. भिंतीआडचा माणूस दिसत नाही, पण त्याचा आवाज ऐकू येतो, तसेच हे.

आकाशातून असा रेडिओचा आवाज येतो हे अमेरिकेत कार्ल जान्स्की यांनी १९३२-३३ च्या सुमारास प्रथम दाखवले. ते टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि दूरच्या संभाषणात खरखर कशाने येते याचा शोध घेत होते. त्या खरखरीतला एक भाग आपल्या आकाशगंगेतून येतो असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९५१ मध्ये आकाशातील हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटर लांबीची लहर पकडण्यात यश आले आणि ज्या वायूपासून तारे घडतात तो वायूच मोजता येऊ लागला. या कामात एक भारतीय तरुण अगदी आरंभापासून होता. त्याचे नाव टी. के. मेनन. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात राहून त्याने मृग नक्षत्रातील वायूचा या लहरीवर अभ्यास केला आणि तो १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. मृगाच्या पोटातील बाणाखाली जो प्रसिद्ध तेजोमेघ आहे तेथेही तारे जन्मत असतात. म्हणजे ताऱ्यांच्या सूतिकागृहात रेडिओ घेऊन शिरणाऱ्या पहिल्या काही मंडळींत आपलाही एक माणूस होता.

या मेनन यांनी आणि परदेशातच काम करणाऱ्या आणखी तीन भारतीयांनी १९६१ मध्ये स्वदेशी पत्र धाडले. ते तिघे म्हणजे गोविंद स्वरूप, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन. आम्ही चौघे परत येऊन भारतात रेडिओ-ज्योतिषाची शाखा उभारू इच्छितो, असा त्या पत्राचा आशय होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी ही संधी दवडली नाही. १९६२ च्या आरंभी त्यांनी तारेने होकार कळवला. चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये मुंबईस आले. त्यांचे वय तेव्हा चौतीस वर्षांचे होते.

आता तुम्ही म्हणाल, माणूस आला. पण दुर्बीण कोठे होती? तिचीही एक गोष्ट आहे. स्वरूप १९५३ ते १९५५ या काळात ऑस्ट्रेलियात शिकत होते. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सहा-सहा फूट व्यासाच्या बत्तीस थाळ्यांची एक सौर दुर्बीण होती. तिचे तेथले काम संपत आले होते. त्या थाळ्या भारताला मिळाव्यात अशी खटपट झाली, ऑस्ट्रेलियाने त्या भेट दिल्या आणि समुद्रमार्गे त्या इकडे आल्या. काही वर्षे त्या तशाच पडून होत्या. स्वरूप यांनी त्या मागवून घेतल्या आणि मुंबईजवळ कल्याण येथे मांडल्या. चोवीस पूर्व-पश्चिम रांगेत, आठ दक्षिणोत्तर रांगेत. १९६५ साली ही दुर्बीण सूर्याकडे लागली.

सोलापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईस जाणारे आपण लोक पहाटे कल्याण स्टेशनात डोळे चोळीत चहा घेतो. भारतातील पहिली मोठी रेडिओ-दुर्बीण याच गावच्या परिसरात उभी राहिली, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? तिने सुमारे ६१० मेगाहर्ट्झ कंपनसंख्येवर, म्हणजे जवळजवळ एक हात लांबीच्या लहरीवर, सूर्य ऐकला. सूर्याभोवतीच्या विरळ प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, असे त्या मोजणीतून दिसले. हा ६१० चा आकडा वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

कल्याणनंतर उटकमंड. तेथे १९७० मध्ये डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण पुरी झाली. आणि १९८४ मध्ये स्वरूप यांच्या मनात आणखी मोठी योजना आकार घेऊ लागली. तीच खोडदची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला जी.एम.आर.टी. म्हणतात.

येथे एक निर्णय समजावून घेण्यासारखा आहे. त्या काळी पाश्चात्त्य देशांचा ओढा उत्तरोत्तर आखूड लहरींकडे होता. आखूड लहरीने चित्र अधिक रेखीव येते. पण आखूड लहरीला आरसा फार गुळगुळीत लागतो, आणि गुळगुळीत आरसा म्हणजे खर्चाचे काम. लांब लहरीचे तसे नाही. लहरीपेक्षा भोक पुष्कळ लहान असले की लहरीला ते भोक दिसतच नाही. तारांची जाळीसुद्धा तिला सलग पत्र्यासारखी वाटते. म्हणून खोडदच्या थाळ्या पत्र्याच्या केल्याच नाहीत. ताणलेल्या दोरांवर गंजरहित पोलादाच्या बारीक तारांची जाळी बसवली. तिचे चौकोन १० ते २० मिलिमीटरांचे आहेत. आम्हां सोलापूरकरांना मागावरचा उभा-आडवा ताणाबाणा आठवावा असेच ते विणकाम आहे. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो आणि पैसा वाचतो. अशा रीतीने ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या उभ्या राहिल्या. त्यांतील चौदा सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आहेत आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या लांबलचक भुजांवर. दोन टोकांच्या थाळ्यांत सुमारे २५ किलोमीटरांचे अंतर पडते. प्रत्येक थाळीने ऐकलेले एका ठिकाणी आणून जोडी-जोडीने ताडून पाहतात. तीस थाळ्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. या ताळ्यातून जे चित्र मिळते ते जणू २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीने घेतल्याइतके रेखीव असते.

लांब लहर निवडण्यात काटकसर होती, पण नुसती काटकसर नव्हती. जेथे इतरांची गर्दी नाही तेथे आपण जावे, हा त्यातला धोरणीपणा होता. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जे. आर. डी. टाटा यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली, आणि नंतर जगभरच्या ज्योतिर्विदांना खुली झाली. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र तिचा कारभार पाहते.

गंमत अशी की, ही दुर्बीण तान्ह्या ताऱ्यांसाठी बांधलेलीच नव्हती. विश्वाच्या बाल्यावस्थेतील हायड्रोजनचे मेघ शोधणे आणि स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास करणे, हे तिचे मूळ हेतू. तान्ह्या ताऱ्यांसाठी लांब लहर निरुपयोगी, असाच सर्वसाधारण समज होता. त्याला कारणही होते. जन्मणारा तारा भोवतालचा वायू गिळतो, पण सगळाच पचवत नाही. काही वायू दोन्ही ध्रुवांकडून झोताच्या रूपाने बाहेर फेकतो. हा तापलेला झोत रेडिओलहरी सोडतो. परंतु ही उष्णतेची लहर, जसजशी लांबी वाढवावी तसतशी मंद होत जाते. तेव्हा आखूड लहरींवरच हे तारे पाहावेत, असा रिवाज पडला होता.

आयर्लंडमधील डब्लिन येथील संशोधक रॅचेल एन्सवर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी हा रिवाज मोडून खोडदची दुर्बीण वृषभेतील अशा ताऱ्यांकडे वळवली. त्यांतला एक डी. जी. टॉरी. हा सूर्यासारखाच बेताच्या वजनाचा तारा. सूर्य बाळ असताना बहुधा असाच असावा. ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झ या दोन कंपनसंख्यांवर त्यांनी तो ऐकला. होय, तीच ६१०! पन्नास वर्षांपूर्वी कल्याणला ज्या लहरीवर प्रौढ सूर्य ऐकला, त्याच लहरीवर खोडदला एक बालसूर्य ऐकला गेला.

आणि ऐकू काय आले? ताऱ्यापाशी अपेक्षेप्रमाणे उष्णतेचाच आवाज होता. पण झोत जेथे पुढच्या वायूवर आदळतो तेथे, नावेच्या नाळेपुढे पाणी उसळते तशा जागी, एक वेगळाच ठिपका उमटला. त्याचा आवाज लांब लहरीवर मंद न होता उलट मोठा होत होता. असा आवाज उष्णतेचा नसतो. चुंबकीय क्षेत्राभोवती जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन तो काढतात. फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत तो ऐकू येतो हे माहीत होते. पण डी. जी. टॉरीचा झोत सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगाचा, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. अशा लेकुरवाळ्या घरात हे मातब्बर कण आले कोठून? उत्तर असे की, आदळण्याच्या जागी कण पुन्हा पुन्हा इकडून तिकडे फेकला जातो आणि जवळ येत जाणाऱ्या दोन भिंतींमधल्या चेंडूप्रमाणे दर फेरीला थोडा थोडा वेग कमावतो. २०१४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांनी निष्कर्ष जपून मांडला. हा तात्पुरता पुरावा आहे, असेच त्यांनी म्हटले.

त्यानंतर आणखी दुवे मिळत गेले. भारी वजनाच्या एका तान्ह्या ताऱ्याच्या झोतात असा आवाज आहे हे अमेरिकेतील दुर्बिणीने २०१० मध्येच दाखवले होते. एच. एच. ८०-८१ नावाचा तो झोत धनु राशीत आहे. तिरुअनंतपुरमच्या भारतीय अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतील सरिता विग आणि सहकाऱ्यांनी खोडदच्या लांब लहरींवर तो झोत ऐकला, आणि त्याच्या लांबीवर निरनिराळ्या ठिकाणी हाच वेगवान इलेक्ट्रॉनांचा आवाज आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध केले.

याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. याचे आपल्याला असे की, ज्या वायूतून पुढे ग्रह घडायचे त्याच्यावर हे कण मारा करतात, त्यातील रसायन बदलतात. आपल्या घरीही असे घडले असावे. जुन्यांत जुन्या उल्कापाषाणात बेरिलियम-१० या अल्पायुषी द्रव्याच्या खुणा असल्याचे २००० साली दिसून आले. वेगवान कणांच्या माऱ्यातून ते द्रव्य होते, म्हणून बालसूर्याच्या भोवतीही असा मारा चालू होता असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्या पृथ्वीच्या बाळंतपणाची ही बखर आहे, आणि तिची काही पाने फक्त लांब लहरीवरच वाचता येतात.

पण वाचकहो, ही पाने वाचायला शांतता लागते. हा आवाज किती क्षीण असतो म्हणाल, तर चंद्रावर ठेवलेला एखादा मोबाईल बोलू लागला, तर तो या ताऱ्यापेक्षा हजारो पटींनी मोठा ऐकू येईल. खोडदची जागा निवडली ती सभोवती डोंगरांचा आडोसा आहे आणि शहरांचा रेडिओ-गोंगाट कमी आहे म्हणून. जवळचे नारायणगाव तर तमाशाची पंढरी. ढोलकीच्या थापेने दुर्बिणीचे काही बिघडत नाही, कारण तिचे कान हवेतील नादाला बधिर आहेत. तिला सलते ती विजेची ठिणगी, मोबाईलचा मनोरा, बिघडलेली वीजवाहक तार. मीटर लहरी ऐकण्याच्या ज्या पट्ट्यात पूर्वी निवांतपणा होता, तेथे आज माणसांची वर्दळ वाढली आहे.

पुणे-नाशिक अतिवेगवान रेल्वेचा मार्ग या भागातून आखला गेला तेव्हा हा प्रश्न उघड्यावर आला. विजेवर धावणारी गाडी दुर्बिणीच्या जवळून गेली तर तिच्या ठिणग्यांचा गोंगाट थाळ्यांत भरणार, म्हणून हरकत आली आणि आखणीचा फेरविचार करावा लागला. या बाबतीत शास्त्रज्ञांची बाजू घेऊन मोकळे होणे सोपे आहे. ते मला पुरते मान्य नाही. जुन्नर-नारायणगावचा शेतकरी टोमॅटो पिकवतो, त्याला बाजार जवळ हवा. तरुणाला कामाला जायला गाडी हवी. रेल्वेने गावाचे नशीब कसे बदलते हे गिरणगाव म्हणून वाढलेल्या सोलापूरला सांगायला नको. ज्यांच्या शेजारी दुर्बीण आली त्यांनी कारखाने, मनोरे, आणि आता रेल्वे, यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे थोडी थोडी पदरमोड केली आहे. खोडदची शांतता आपोआप मिळालेली नाही. ती त्या पंचक्रोशीने दिलेली वर्गणी आहे. देशाने तिची दखल घ्यावी, आणि दळणवळणाची सोय दुसऱ्या वाटेने का होईना पण त्या गावांना मिळवून द्यावी, हे न्यायाचे होईल. उलट, एकदा गमावलेली शांतता पुन्हा विकत आणता येत नाही, हेही तितकेच खरे. रूळ दुसरीकडून नेता येतात. पंचवीस किलोमीटरांत पसरलेली दुर्बीण उचलून नेता येत नाही.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी खोडदची दारे लोकांसाठी उघडतात, आणि आसपासच्या शाळांची मुले हजारोंनी तेथे जमतात. त्या मुलांना कोणीतरी कल्याणच्या बत्तीस थाळ्यांची गोष्ट सांगावी. दुसऱ्याच्या घरच्या, वापरून झालेल्या थाळ्यांवर आरंभ झाला; ज्या लहरीकडे इतरांनी पाठ फिरवली ती आपण धरून ठेवली; आणि पन्नास वर्षांनी त्याच लहरीवर सूर्याच्या बाळपणाचा एक सूर ऐकू आला. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निवर्तले. आपल्या दुर्बिणीने हा सूर ऐकलेला त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला, ही समाधानाची गोष्ट आहे.

तेव्हा येत्या हिवाळ्यात गच्चीवर गेलात की कृत्तिका आणि रोहिणी यांच्या आसपासचा तो काळोख जरा थांबून पाहा. डोळ्यांना तेथे काही दिसणार नाही. पण इकडे सह्याद्रीच्या कुशीत तारांच्या जाळीचे तीस कान त्याच दिशेला लागलेले असतील, तर त्यांना तेथले बाळ रडताना ऐकू येत असेल. ते नीट ऐकू यावे एवढी शांतता राखणे आपल्या हाती आहे.